थोरले बाजीराव : पराक्रम आणि विरह

ग्रीक पुराणकथेतील जेसन सोनेरी लोकरीच्या शोधात परदेशी जातो, तेथून राजकन्या मेडियाला घेऊन येतो आणि पुढे स्वतःच तिचा त्याग करतो. ही कथा लक्षात ठेवून थोरल्या बाजीरावांचे चरित्र पाहा.

आपल्या कोकणातील श्रीवर्धनच्या भट घराण्यातील बाजीरावांना १७२० मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, पेशवेपद मिळाले. १७२८ मध्ये पालखेडला त्यांनी निजामास नमविले. १७२९ मध्ये ते बुंदेलखंडात छत्रसालाच्या साहाय्यास धावले. तेथील संबंधातून मस्तानी त्यांच्या जीवनात आली. रणांगण जिंकणाऱ्या या वीरास तिच्यासाठी स्वतःच्या कुटुंबाची मान्यता मात्र जिंकता आली नाही. ते मोहिमेवर असताना पुण्यात तिला कैदेत ठेवण्यात आले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीरावांचे निधन झाले. त्याच वर्षी मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे.

जेसनाने त्याग केला. बाजीरावांनी केला नाही. येथे शोकांतिका घडविली ती समाजाच्या नकाराने. त्या दोघांचा पुत्र शमशेर बहाद्दर १७६१ मध्ये पानिपतच्या युद्धात मराठ्यांच्या बाजूने लढून कामी आला. हा नकार कितपत न्याय्य होता, याचा आपण स्वतः विचार करावा.