येरवड्याच्या मैदानावर उतरणारे जेआरडी

बारामती - आषाढात बारामती आणि इंदापूर तालुक्यांत पाऊस येवो न येवो, वारा मात्र हमखास येतो. सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी सांडून आलेला हा पश्चिमेचा वारा पर्जन्यछायेतील माळरानावर मोकाट सुटतो. बारामतीच्या धावपट्टीवर उड्डाणाचे धडे गिरविणाऱ्या शिकाऊ वैमानिकांची खरी कसोटी याच दिवसांत लागते. विमान वर नेणे त्या मानाने सोपे, वाऱ्यात ते सुखरूप खाली आणणे अवघड. याच पुणे जिल्ह्यात नव्वद वर्षांपूर्वी काही वैमानिकांनी ही कसोटी धावपट्टीशिवाय आणि बिनतारी यंत्रणेशिवाय दिली होती. त्यांचे अग्रणी होते जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा, म्हणजेच जेआरडी.

त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई फ्रेंच, वडील टाटा उद्योगसमूहातील भागीदार. उन्हाळ्याच्या सुटीत हे कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावरील हार्देलो या गावी जात असे. इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ यांचे घरही तेथेच होते. समुद्राच्या वाळूवर उतरणारी विमाने पाहतच हा मुलगा मोठा झाला. पुढे मुंबईत फ्लाइंग क्लब सुरू होताच जेआरडींनी शिक्षण घेतले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळविला. भारतात दिला गेलेला तो पहिला वैमानिक परवाना. त्याच्यावर क्रमांकही एकच होता.

पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून लंडनच्या दिशेने एकटेच निघाले. वाटेत इजिप्तमधील अबुकीर येथे प्रतिस्पर्धी अस्पी इंजिनिअर स्पार्क प्लगअभावी अडकून पडलेले भेटले. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. स्पर्धा अस्पींनी जिंकली.

नेव्हिल व्हिंटसेंट या ब्रिटिश वैमानिकाने टपाल विमानसेवेची योजना टाटांपुढे मांडली. इंपीरियल एअरवेजचे टपाल कराचीपर्यंत येई, तेथून ते अहमदाबाद, मुंबई, बळ्ळारीमार्गे मद्रासला न्यायचे असा बेत होता. सरकारने बराच काळ दाद दिली नाही. अखेर १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी एक इंजिनाचे ‘पुस मॉथ’ घेऊन कराचीहून उडाले. ताशी सुमारे शंभर मैल हा त्या विमानाचा वेग. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले. दुपारी विमान जुहूला उतरले आणि पुढचा टप्पा व्हिंटसेंट यांनी सांभाळला.

जुहूचे ते ‘विमानतळ’ म्हणजे किनाऱ्यालगतची चिखलट जमीन आणि झावळ्यांनी शाकारलेली एक शेड. पावसाळ्यात भरतीचे पाणी थेट मैदानात शिरे. मग एका पावसाळ्यात दोन विमाने, वैमानिक आणि तंत्रज्ञ असा सारा बाडबिस्तरा पुण्याला हलविण्यात आला. तळ पडला तो येरवडा तुरुंगाच्या सावलीतील एका मैदानावर. होमी भरुचा हे पूर्णवेळ वैमानिक, त्यांच्या जोडीला व्हिंटसेंट आणि स्वतः जेआरडी, एवढाच काय तो फौजफाटा.

पुणे गाठायचे म्हणजे घाट ओलांडणे आले. मोसमी वारा डोंगरकडांना धडकून वर चढतो आणि माथा ओलांडताच खाली कोसळतो. त्या खळबळीत हलके विमान गटांगळ्या खाते, शिवाय माथ्यावर ढगांचे दाट आवरण असते. हे पार करून मैदान दिसले तरी संकट टळत नसे. ‘पुस मॉथ’सारख्या विमानाचा उतरण्याचा वेग मुळातच कमी, त्यामुळे ताशी चाळीस किलोमीटरचा झोत म्हणजे त्याच्या जवळजवळ निम्म्या वेगाएवढा. आडव्या वाऱ्याने एक पंख उचलला की दुसरा जमिनीला घासलाच म्हणून समजा. चाके टेकल्यावरही शेपटीला वारा लागून विमान गर्रकन फिरण्याचा धोका असतोच.

मात्र उघड्या मैदानाचा एक फायदा होता, जो आजच्या धावपट्टीला नाही. वारा ज्या दिशेने वाहत असेल त्याच्या थेट तोंडावर विमान उतरविता येई. बारामतीच्या विद्यार्थ्याला धावपट्टीची दिशा बदलता येत नाही. त्याला नाक वाऱ्याकडे तिरके ठेवून किंवा वाऱ्याकडचा पंख किंचित झुकवून यावे लागते. ‘पुस मॉथ’मध्ये आणखी एक युक्ती होती. चाकांच्या दांड्यांवरील आवरणे वैमानिकाला आडवी फिरविता येत आणि तीच हवेत गतिरोधकाचे काम करीत.

या साऱ्यात पणाला लागत असे ते टपालाचे वेळापत्रक. कराचीला वेळेवर पोहोचले नाही तर लंडनचे विमान चुकणार आणि सरकारला नकाराचे निमित्त मिळणार. घाई करावी तर वैमानिकाच्या जिवाशी गाठ. पहिल्या वर्षाअखेरीस नागरी विमान वाहतूक संचालनालयाने आपल्या अहवालात या सेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाची नोंद घेतली. त्यात पश्चिम घाटातील पावसाळी धोक्यांचा आवर्जून उल्लेख होता. पहिल्या वर्षी सुमारे एक लाख साठ हजार मैल उड्डाण झाले. आजच्या कोणत्याही विमान कंपनीने हे वेळापत्रक जरूर डोळ्यांपुढे ठेवावे.

व्हिंटसेंट यांचा १९४२ साली विमानप्रवासात युद्धकाळातच अंत झाला. ‘एअर इंडिया’ १९४६ मध्ये उभी राहिली, १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७८ मध्ये जेआरडींना अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे.

पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’ हे तसेच जुन्या बांधणीचे विमान घेऊन कराची ते मुंबई हा प्रवास पुन्हा केला. अहमदाबादला थांबून ते जुहूलाच उतरले, पण या वेळी पक्क्या धावपट्टीवर. ‘भारतरत्न’ १९९२ मध्ये मिळाले, तर २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले. पॅरिसच्या पेर लाशेझ दफनभूमीत त्यांची समाधी आहे.