साइड व्हॉल्व्हची वकिली करणारा हॅरी

गीतांजली एक्सप्रेसने कोलकात्याला गेलेल्या मंडळींनी हावडा स्टेशनची भली मोठी लाल विटांची इमारत पाहिलीच असेल. ती १९०५ साली सुरू झाली. तिचा आर्किटेक्ट हॅल्सी रिकार्डो, आणि आपली गोष्ट आहे त्याच्या मुलाची, हॅरीची. मेकॅनिकलवाल्यांनी हे नाव आय.सी. इंजिनच्या पुस्तकात वाचलं असेल. बाकीच्या ब्रँचवाल्यांनी घाबरू नये, गणित एकही नाही!

हॅरीचा जन्म २६ जानेवारी १८८५ चा, लंडनचा (तारीख आपल्याला लक्षात ठेवायला सोपी). आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे मोठे सिव्हिल इंजिनिअर, ईस्ट इंडियन रेल्वेचे सल्लागार. साहजिकच केंब्रिजला ऍडमिशन घेतली ती सिव्हिलला, पण जीव सगळा इंजिनात. १९०४ मध्ये तिथल्या ऑटोमोबाइल क्लबने स्पर्धा ठेवली : साधारण सव्वा लिटरपेक्षाही कमी पेट्रोलमध्ये कोणाची गाडी सर्वांत लांब जाते? हॅरीने स्वतः बनवलेली मोटरसायकल घेऊन भाग घेतला आणि सुमारे ६४ किलोमीटर जाऊन जिंकला. प्रोफेसर हॉपकिन्सननी हे पोरगं हेरलं आणि आपल्या लॅबमध्ये ओढलं. इंजिनच्या आत नक्की काय होतं ते अंदाजाने न सांगता मोजायचं, ही सवय तिथे लागली ती कायमची.

पुढे रिकार्डो आजोबांच्या फर्ममध्ये नोकरीला लागले. (आता कमावते झाले, म्हणून अहो-जाहो करते.) पण त्यांचं नाव झालं ते पहिल्या महायुद्धात. ब्रिटिशांच्या सुरुवातीच्या रणगाड्यांत डेमलरचं स्लीव्ह व्हॉल्व्ह इंजिन होतं. ते इतका निळा धूर सोडायचं की रणगाडा कुठे लपलाय ते शत्रूला लांबूनच कळायचं. आतल्या माणसांच्या जिवाशी खेळ होता तो! रिकार्डोंनी १५० हॉर्सपॉवरचं नवं इंजिन काढलं. पिस्टनचा बाजूचा दाब त्यांनी खाली वेगळ्या गाइडवर घेतला, त्यामुळे तेल वर चढून जळायचं थांबलं, धूर गेला. हजारोंनी बनली ती इंजिनं.

आता मुख्य मुद्दा. इंजिनमध्ये व्हॉल्व्ह बसवायच्या दोन नेहमीच्या पद्धती. ओव्हरहेडमध्ये व्हॉल्व्ह पिस्टनच्या डोक्यावर, हेडमध्ये असतात. त्यांना हलवायला पुशरॉड, रॉकर असा लवाजमा लागतो. साइड व्हॉल्व्हमध्ये ते सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच उभे. पार्ट कमी, उंची कमी, किंमत कमी. हेड म्हणजे नुसतं झाकण, बोल्ट काढले की कार्बन खरवडून परत लावता येतं. पण मग जळण्याची जागा आडवी पसरते. ठिणगी एका टोकाला पडते आणि ज्योत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत तिथलं मिश्रण दाबाने आपोआपच पेट घेतं. हेच आपलं नॉकिंग. ते टाळायचं तर कॉम्प्रेशन रेशो कमी ठेवा, म्हणजे ताकदही कमी आणि पेट्रोलही जास्त.

ओव्हरहेड चांगलं हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं, रिकार्डोंना तर होतंच. पण स्वस्त गाड्या बनवणारे कारखाने साइड व्हॉल्व्ह सोडायला तयार नव्हते. अशा वेळी आपल्यासारखा हुशार माणूस काय करतो? त्यांना मागासलेले ठरवून मोकळा होतो. रिकार्डो प्रयोगाला लागले. १९१९ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की सिलिंडरमधल्या वायूत जितकी खळबळ, तितकी ज्योत वेगाने पळते. मग त्यांनी हेडचा आकारच बदलला. व्हॉल्व्हच्या वर मोकळी जागा ठेवली आणि पिस्टनच्या बऱ्याच भागावर हेड इतकं खाली आणलं की पिस्टन वर आला की जेमतेम मिलिमीटरभर फट उरावी. त्या फटीतला वायू पिचकारीसारखा बाजूला फेकला जातो, घुसळण होते, ज्योतीचं अंतरही घटतं. एकही जादा पार्ट नाही, फक्त ओतकामाचा साचा वेगळा! साइड व्हॉल्व्ह इंजिन त्या काळच्या साधारण ओव्हरहेडच्या जवळ येऊन बसलं.

गंमत म्हणजे रिकार्डोंचं स्वतःचं मन तिसरीकडेच होतं, स्लीव्ह व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे ज्याच्या धुरावर त्यांनी उपाय केला त्याच जातीत. एक पातळ नळी पिस्टनभोवती वरखाली आणि थोडी गोल फिरते, तिच्या खिडक्यांतून वायू आत-बाहेर होतो. लाल होणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नाही, त्यामुळे कॉम्प्रेशन वाढवता येतं. ब्रिस्टल कंपनीची विमानाची इंजिनं दुसऱ्या महायुद्धात यावर उडाली. पण ती नळी अचूक गोल बनवणं फार कटकटीचं होतं, आणि मग जेट आलं आणि सगळंच संपलं. १९४८ मध्ये 'सर' झालेले रिकार्डो १८ मे १९७४ रोजी, ८९ व्या वर्षी वारले.

मोटारींनी साइड व्हॉल्व्ह सोडला, पण गवत कापायची यंत्रं, छोटे जनरेटर, पंप यांनी तो पुढे कितीतरी वर्षं सांभाळला. रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाला तर कॉम्प्रेशन कमीच लागतं, तिथे तो चपखल बसला. १९८३ मध्ये होंडाने जीएक्स ही ओव्हरहेड व्हॉल्व्ह मालिका आणली आणि छोट्या इंजिनांत वारं फिरलं. साइड व्हॉल्व्हमध्ये तापलेला एक्झॉस्टचा मार्ग सिलिंडरला चिकटून जातो, एक बाजू जास्त तापते, बोअर वाकडा होतो, तेल जळू लागतं. १९९० च्या दशकात अमेरिकेत छोट्या इंजिनांच्या धुरावरही कायदे आले, तेव्हा हे दुखणं महागात पडलं. माझं मत विचाराल तर आज नवं इंजिन घ्यायचं असेल तर ओव्हरहेडच घ्या, फक्त टॅपेट क्लिअरन्स वेळेवर तपासा.

आणि जुना साइड व्हॉल्व्ह पंप कुठे भंगारात दिसला तर हेड खोलून उलटं करा. एका बाजूला खोलगट वाटी, दुसऱ्या बाजूला जवळजवळ सपाट. सपाट भागावर कार्बन कमी आणि वाटीत जास्त दिसला, तर वायू कुठून कुठे ढकलला जात होता ते लगेच समजेल.