तांबड्यापलीकडचा शोध : विल्यम हर्शेल

प्रयोगशाळेत लोलकातून सूर्यकिरण नेला म्हणजे पांढऱ्या कागदावर जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत रंगांचा पट्टा पडतो, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. तांबड्याची कड संपली की आमची दृष्टीही तेथेच थांबते. त्या कडेपलीकडील रिकाम्या जागेत तापमापक ठेवून पाहणाऱ्या विल्यम हर्शेलचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

हर्शेलचा जन्म १५ नोव्हेंबर १७३८ रोजी जर्मनीतील हॅनोव्हर येथे झाला. वडील लष्करी वाद्यवृंदात वादक होते. पुत्रानेही तीच वाट धरली. १७५७ मध्ये तो इंग्लंडला गेला आणि पुढे बाथ शहरी ऑर्गनवादक व संगीतशिक्षक म्हणून नावारूपास आला. दिवसा शिकवण्या आणि रात्री आकाशदर्शन, असा त्याचा क्रम असे. मोठी दुर्बीण विकत घेणे परवडेना, तेव्हा धातूचे आरसे तो स्वतःच घासू लागला. आरशावरून हात काढता येत नसे, अशा वेळी धाकटी बहीण कॅरोलाइन त्याला घास भरवी. घरी घडविलेल्या अशाच दुर्बिणीतून १३ मार्च १७८१ रोजी त्याला युरेनस हा ग्रह सापडला. राजा तिसरा जॉर्ज याने वर्षासन दिले आणि हर्शेलने संगीताचा व्यवसाय सोडून खगोलशास्त्रास वाहून घेतले.

१८०० साली, वयाची एकसष्ट वर्षे उलटल्यावर, तो रंगीत काचांतून सूर्याचे निरीक्षण करीत होता. काही काचांतून उजेड थोडा येई, पण उष्णता फार जाणवे; काहींची गोष्ट नेमकी उलट. प्रत्येक रंगाची उष्णता निराळी असेल काय, अशी शंका त्याला आली. त्याने लोलकाने वर्णपट पाडला. काळी केलेली गोळी असलेला एक तापमापक रंगात ठेवला आणि तुलनेसाठी दोन तापमापक रंगाबाहेर ठेवले. सरासरीने पारा जांभळ्यात २, हिरव्यात ३¼ आणि तांबड्यात ६⅞ फॅरनहाइट अंश चढला. मग त्याने तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जेथे उजेडाचा लेशही नव्हता, तेथे सरकविला. पारा तेथेही चढला! या अदृश्य किरणांचे परावर्तन व वक्रीभवन प्रकाशाप्रमाणेच होते, हेही त्याने दाखविले. त्यांनाच आज आपण अवरक्त किरण म्हणतो.

येथे एक गोष्ट लपविणे योग्य नव्हे. प्रकाश आणि हे उष्ण किरण एकाच जातीचे असावेत, असे हर्शेलला आरंभी वाटत होते. पण त्याच वर्षाच्या अखेरीस ते भिन्न आहेत, असा निष्कर्ष त्याने काढला. तो निष्कर्ष चुकीचा ठरला. १८६५ मध्ये मॅक्सवेलने प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे असा सिद्धांत प्रसिद्ध केला आणि १८८७-८८ मध्ये हर्ट्झने विजेच्या साहाय्याने तशा लहरी निर्माण करून दाखविल्या. दृश्य प्रकाश, अवरक्त किरण, रेडिओ लहरी ही सारी एकाच कुळातील भावंडे. भेद केवळ तरंगलांबीचा. त्यांतील सुमारे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर एवढाच अरुंद पट्टा आमच्या डोळ्यांच्या वाट्यास आला आहे. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

उरलेला पट्टा यंत्रे पाहतात. १७ मार्च १९८८ रोजी अवकाशात गेलेल्या आयआरएस-१ए या भारतीय उपग्रहाचे कॅमेरे दृश्य रंगांबरोबर अवरक्त किरणही टिपीत. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि तांबड्यालगतचे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परतविते. पीक रोगाने वा पाण्यावाचून खंगले म्हणजे हा फरक कमी होतो. म्हणून शेतात पाऊल न ठेवता, सुमारे ९०० किलोमीटर उंचीवरून त्याची अवस्था कळू शकते. यालाच दूरसंवेदन म्हणतात.

२५ ऑगस्ट १८२२ रोजी स्लाउ येथे हर्शेल निवर्तला. त्याचे मत टिकले नाही; त्याने प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले पाऱ्याचे आकडे मात्र टिकले. विद्यार्थिमित्रहो, प्रयोगात अपेक्षेबाहेरचा आकडा आला की तो खोडून शेजाऱ्याच्या वहीतला उतरवून घेण्याचा मोह आम्हां सर्वांनाच होतो. त्या वेळी उजेड नसलेल्या जागी चढलेला हर्शेलचा पारा आम्ही आठवावा आणि आमचा आकडा जसाच्या तसा राहू द्यावा.