पालवणकर बाळू

सायंकाळी शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा डाव रंगला म्हणजे पुष्कळ मुलांस आपणही या खेळात नाव काढावे असे वाटते. त्यांच्यासाठी आम्ही येथे एका कोकणी घराण्यातील थोर खेळाडूची हकीकत देत आहोत.

बाळू यांचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. आडनाव कोकणातील पालवण गावावरून पडलेले. घराणे चर्मकार ज्ञातीचे. वडील लष्करात नोकरीस. पुण्यास पारशी खेळाडूंच्या मैदानाची राखण करण्याचे काम बाळूंस दरमहा ३ रुपयांवर मिळाले. पुढे १८९२ साली ते ४ रुपयांवर यूरोपियनांच्या पूना क्लबात गेले. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, जाळी बांधावी आणि साहेब लोकांच्या सरावासाठी चेंडू टाकावे, हे त्यांचे नित्यकर्म. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजास दिवसेंदिवस चेंडू टाकूनच त्यांच्या डाव्या हातास ती विलक्षण फिरकी साधली. बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाने त्यांस मोठ्या वादानंतर घेतले. मैदानात सर्वांचा चेंडू एकच. परंतु चहाच्या वेळी बाळूंस बाहेर बसवून मातीच्या भांड्यात चहा देत. नंतर ते मुंबईस गेले, रेल्वेत नोकरी करून हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी यूरोपियनांस १०९ धावांनी जिंकले, त्यात त्यांचा वाटा मोठा होता. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभरांहून अधिक गडी बाद केले.

इतके होऊनही कर्णधारपद त्यांस मिळाले नाही. १९२० साली ते डावलले गेले, तेव्हा त्यांच्या धाकट्या बंधूंनी खेळण्याचे नाकारले. अखेर १९२३ साली बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले व विजयी ठरले. थोरल्याने नांगरलेल्या शेताचे पीक धाकट्याच्या ओटीत पडले. बाळू १९५५ साली निवर्तले.

मुलांनो, हलक्या मानलेल्या कामातूनही केवढे कौशल्य कमावता येते, हे या चरित्रावरून शिका. आणि पालकहो, गुणाचा लाभ घ्यावा व गुणवंतास मात्र उंबऱ्याबाहेर बसवावे, ही रीत आपल्या घरी उरली नाही ना, हे प्रत्येकाने आपल्याच मनास विचारावे, अशी आमची विनंती आहे.