ब्रायटनचे चंपी डॉक्टर

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर ब्रायटन नावाचे शहर आहे. तिथल्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात शेख दीन महंमद यांचे थडगे आहे. मृत्यूची तारीख २४ फेब्रुवारी १८५१ आणि वय १०१ वर्षे, अशी नोंद त्यावर आहे. तारीख बरोबर, वय चुकीचे. पाटण्यात १७५९ साली जन्मलेला माणूस १८५१ मध्ये फार तर ब्याण्णव वर्षांचा असेल. ही जास्तीची दहा वर्षे पाथरवटाच्या चुकीने आलेली नाहीत. ती दीन महंमद यांनी स्वतःच, साठीच्या घरात असताना, आपल्या आयुष्यात घातली होती. कारण होते त्यांचा व्यवसाय. ते राजाची मालिश करत.

त्यांचे वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालच्या फौजेत होते. मुलगा दहा वर्षांचा असतानाच ते एका चकमकीत मारले गेले. मग हा मुलगा गॉडफ्रे बेकर या आयरिश अधिकाऱ्याच्या मागे लागून छावणीत गेला आणि तिथेच वाढला. पुढे सुभेदारीपर्यंत चढला. बेकरने नोकरी सोडली तेव्हा यानेही सोडली आणि त्याच्याबरोबर जहाजात बसून १७८४ साली तो आयर्लंडच्या कॉर्क शहरात पोहोचला. तिथे इंग्रजी शिकला, जेन डेली या आयरिश मुलीबरोबर पळून जाऊन लग्न केले आणि १७९४ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक छापले. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहून प्रसिद्ध केलेले ते पहिले पुस्तक मानले जाते. इथवर मालिशचा कुठे संबंध नाही आणि वैद्यकाचा तर नाहीच.

पन्नाशीच्या सुमारास कुटुंब लंडनला आले. बेझिल कॉक्रन नावाच्या, भारतात गडगंज पैसा कमावून परतलेल्या एका गृहस्थाने पोर्टमन स्क्वेअरमध्ये वाफेच्या स्नानाची सोय केली होती. तिथे दीन महंमद कामाला लागले. वाफेनंतर अंग चेपून, चोळून देण्याची जोड त्यांनीच दिली असे मानले जाते. १८१० साली जवळच जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी भारतीय जेवणाचे हॉटेल काढले, हुक्का आणि वेताच्या बैठकांसकट. लंडनमध्ये भारतीय माणसाने चालवलेले असे ते पहिले. दोन वर्षांत दिवाळे निघाले. बायको, मुले, त्रेपन्न वर्षांचे वय आणि हातात काही नाही, अशा स्थितीत त्यांनी घरगड्याच्या नोकरीसाठी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. मग १८१४ साली ते ब्रायटनला आले आणि एका स्नानगृहात नोकरीला लागले. दंतमंजन आणि केसांचा कलपही विकू लागले.

ब्रायटनची निवड अचूक होती. समुद्राच्या पाण्याने आजार बरे होतात या समजुतीवर ते गाव आधीच श्रीमंत झाले होते. पुढे राजा झालेल्या चौथ्या जॉर्जचा महालही तिथेच होता. दुखरे सांधे आणि भरलेले खिसे घेऊन माणसे तिथे येत. त्यांच्यासाठी १८२१ साली अगदी समुद्रासमोर किंग्ज रोडवर दीन महंमद यांनी आपले मोठे स्नानगृह उघडले. पुरुषांचा विभाग ते पाहत, बायकांचा जेन. चौथा जॉर्ज आणि त्याच्यानंतर आलेला चौथा विल्यम, या दोन्ही राजांनी त्यांना शाम्पूइंग सर्जन म्हणून नेमले. हिंदीत अंग दाबण्याला चांपना म्हणतात. मराठीतल्या पाय चेपण्यातल्या चेपण्याशी त्याचे रूपही जुळते आणि अर्थही. त्या चांपोचेच इंग्रजांनी शाम्पू केले. तेव्हा त्याचा अर्थ अंगाची मालिश एवढाच होता. केसांचा आणि साबणाचा संबंध नंतर आला.

उपचाराची पद्धत अशी होती. आधी औषधी वनस्पती घातलेल्या वाफेत रुग्णाला बसवायचे आणि भरपूर घाम येऊ द्यायचा. मग फ्लॅनेलच्या एका तंबूत न्यायचे. या तंबूला बाहेरून आत जाणाऱ्या बाह्या शिवलेल्या असत. मालिश करणारा बाहेर उभा राहून बाह्यांत हात घाली आणि आतल्या माणसाचे अंग चेपून देई. आतली ऊब टिकून राही आणि इंग्रजी संकोचही सांभाळला जाई. ही बाह्यांची युक्ती अस्सल व्यवसायबुद्धीची आहे. ज्या समाजात कपड्यांशिवाय परक्याचा हात अंगाला लागणे अशक्य होते, तिथे दीन महंमद यांनी फक्त हात तेवढे आत पाठवले.

आधी ऊब आणि मग हात, हा क्रम शरीरशास्त्राला धरून आहे. शरीरातले जोडणारे तंतू, म्हणजे स्नायूबंध आणि सांध्याभोवतीची आवरणे, ऊब मिळाली की अधिक ताणली जातात. आखडलेला स्नायू सैल पडतो. त्यानंतर संथ, मध्यम दाबाने केलेल्या मालिशमुळे त्वचेतल्या आणि स्नायूंतल्या स्पर्श व दाब ओळखणाऱ्या चेतातंतूंकडून मज्जारज्जूला संदेश जातात आणि दुखण्याचे संदेश काही प्रमाणात मागे पडतात. ठेच लागल्यावर आपण बोट चोळतो त्याचे कारण हेच. नाडी थोडी मंदावते, श्वास लांबतो. हा परिणाम खरा आहे, पण तासांचा किंवा दिवसांचा आहे. कंबरदुखीत मालिशमुळे थोड्या काळासाठी आराम पडतो असे अभ्यासांत दिसते. दीर्घकाळ फायदा टिकतो याचा पुरावा कच्चा आहे.

घामावाटे विषारी द्रव्ये निघून जातात, ही कल्पना त्या काळी सर्वमान्य होती आणि आजही स्पाच्या दरपत्रकांवर छापलेली असते. तिला आधार नाही. घाम हे मुख्यतः पाणी आणि मीठ. अंगातला कचरा काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात आणि त्यासाठी त्यांना चोळावे लागत नाही.

१८२२ साली दीन महंमद यांनी आपल्या उपचारांवर पुस्तक काढले. त्याच्या पुढे आणखी आवृत्त्या निघाल्या. त्यात कृती कमी आणि बऱ्या झालेल्या रुग्णांची आभारपत्रे जास्त. संधिवात, गाऊट, लकवा, दमा, आखडलेले सांधे, सगळ्यांवर गुण. बरे झालेल्यांनी मागे ठेवलेल्या कुबड्या स्नानगृहात टांगलेल्या असत. नव्या येणाऱ्याची नजर त्यांच्यावर पडल्याशिवाय राहत नसे.

या कुबड्यांचे काय समजायचे? सगळे थोतांड म्हणणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. दुखापतीनंतर महिनोन्महिने न हलवल्यामुळे आखडलेला गुडघा ऊब, चोळणे आणि हालचाल यांनी खरोखरच सुटू शकतो. आजची फिजिओथेरपी अशा गुडघ्याला व्यायामाबरोबर हेच देते. गाऊटची गोष्ट वेगळी. गाऊटचा झटका कोणताही उपचार केला नाही तरी एक-दोन आठवड्यांत बहुधा आपोआप ओसरतो. दुखणे कळसाला असताना माणूस उपचार शोधतो, म्हणजे त्यानंतरचे दिवस उताराचेच असतात. श्रेय मात्र शेवटच्या वैद्याला मिळते. आणि ज्यांना गुण आला नाही त्यांच्या कुबड्या त्यांच्याबरोबरच घरी गेल्या. त्या कुणी टांगल्या नाहीत.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. त्याच काळात पदवीधर डॉक्टर काय करत होते? शिरा उघडून रक्त काढत होते, जळवा लावत होते, पारायुक्त औषधे देऊन रुग्णाचे दात हलवत होते. अशा वेळी ऊब, विश्रांती आणि सावकाश फिरणारे हात मिळालेला रुग्ण निदान आणखी आजारी पडत नव्हता. दीन महंमद यांच्या यशातला काही वाटा त्यांच्या हातांचा असेल, पण काही वाटा शेजारच्या डॉक्टरांचाही आहे.

तरीही लोक विचारणारच, हा माणूस शिकला कुठे? इथे ती दहा वर्षे कामाला आली. दीन महंमद यांनी पुस्तकात जन्मसाल दहा वर्षांनी मागे नेले आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत वैद्यकीय शिक्षण आणि कंपनीच्या फौजेतली वैद्यकीय नोकरी बसवली. त्यांच्या १७९४ च्या पुस्तकात असे काहीही नाही. म्हणजे जो माणूस हाताने चांगले काम करत होता, त्याला त्या कामाला प्रतिष्ठा मिळावी म्हणून नसलेली पदवी उभी करावी लागली. काळ्या माणसाच्या चंपीला टवाळी सोसावी लागे हे खरे, पण रुग्णाची फसवणूक ती फसवणूकच. दमा आणि लकवा बरा करण्याचा दावा त्या खोट्या पदवीच्या आधारावर उभा होता. आखडलेला खांदा मोकळा करायला तिची गरज नव्हती.

मालिशला पदवी लागत नाही, माहिती मात्र लागते. घरात कुणी कुणाची पाठ चोळून देत असेल तर खोली उबदार हवी, तेल कोमट हवे, नखे कापलेली हवीत. सुरुवात संपूर्ण तळहाताने, कंबरेपासून खांद्यांकडे लांब आणि संथ हात फिरवून करावी, म्हणजे समोरच्याचे अंग हाताला ओळखते. मग खांद्याचे आणि मानेच्या मुळाचे स्नायू कणीक मळल्यासारखे उचलून मळावेत. एखादी जागा गाठीसारखी लागली तर तिथे अंगठ्याने लहान गोल फिरवावेत आणि दाब हळूहळू वाढवावा. मणक्यांच्या हाडांवर दाब देऊ नये, त्यांच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर द्यावा. हातापायांवर दिशा बोटांकडून हृदयाकडे. गळ्याची पुढची बाजू आणि गुडघ्यामागची खळगी सोडून द्यावी. शेवट पुन्हा लांब, हलक्या हातांनी. वीस-पंचवीस मिनिटे पुष्कळ झाली. बरे वाटतेय की दुखतेय, हे अधूनमधून विचारावे. सोसवेल तितके दुखले तरच गुण येतो हा समज तालमीतून आला असावा, पण पंचावन्न वर्षांच्या मधुमेही गृहस्थांची पाठ म्हणजे आखाडा नव्हे.

एकाच पोटरीला सूज, दुखणे आणि ऊब असेल, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर, तर ती मुळीच चोळू नये. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ताप, ताजी मोड, जखम, लालबुंद सुजलेला सांधा, रक्त पातळ करण्याची औषधे सुरू असणे, या स्थितींत आधी डॉक्टरांना विचारावे. आणि सलूनमध्ये चंपी झाल्यावर मान झटक्यात वळवून कडकन आवाज काढतात, त्याला स्पष्ट नकार द्यावा. मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या धमनीचे आतले अस्तर अशा झटक्याने फाटू शकते आणि त्यातून पक्षाघात झालेल्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. सुटलेल्या आवाजाने मान मोकळी झाल्यासारखे वाटते, पण तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या बुडबुड्याचा आवाज असतो. त्याने काही दुरुस्त होत नाही.

दीन महंमद यांचा उतार हळूहळू आला. नकलाकार वाढले, नवी स्नानगृहे निघाली. इमारतीत पैसा गुंतवलेला भागीदार वारल्यावर १८४१ साली तिचा लिलाव झाला आणि ऐंशी ओलांडलेल्या दीन महंमद यांना ती परत घेता आली नाही. लहानशा जागेत काम सुरू राहिले. जेन आधी गेली, मग दोन महिन्यांत तेही. आज त्या जागी क्वीन्स हॉटेल उभे आहे.

त्यांच्या फ्रेडरिक या मुलाने ब्रायटनमध्ये तलवारबाजी आणि व्यायाम शिकवला. त्याचा मुलगा फ्रेडरिक अकबर महंमद १८४९ साली जन्मला, आजोबांच्या मृत्यूच्या दोनच वर्षे आधी. त्याला पदवी बनवावी लागली नाही. तो लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये शिकला आणि तिथेच डॉक्टर झाला. आजोबांचे हात पाठीवर फिरत, नातवाचे लक्ष मनगटावर होते. विद्यार्थीदशेतच त्याने नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारले. पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची सोय तेव्हा नव्हती. या आलेखांवरून त्याने दाखवले की मूत्रपिंडाचा आजार नसलेल्या आणि वरून निरोगी दिसणाऱ्या माणसांतही रक्तदाब वाढलेला असू शकतो, आणि मूत्रपिंडे, हृदय यांचे नुकसान त्यानंतर होते. त्याआधी उलटे मानले जात होते. आज लाखो लोक रोज सकाळी जी गोळी घेतात, तिच्यामागचा विचार या निरीक्षणांपासून सुरू होतो.

रक्तदाब वाढण्याचा संभव कुणात जास्त, याच्या त्याने केलेल्या नोंदींत गाऊटचे रुग्ण होते. म्हणजे अगदी तीच माणसे, जी किंग्ज रोडवरच्या फ्लॅनेलच्या तंबूत बसून घाम गाळत होती. फ्रेडरिक अकबर महंमद १८८४ च्या नोव्हेंबरमध्ये विषमज्वराने गेला. त्याचे वय तेव्हा पस्तीस होते.