हकीम अब्दुल लतीफ बगदादी : एक डोळस शिक्षक



लेखाच्या आरंभीच एक कबुली देतो. मी भाषा व इतिहासाचा शिक्षक. एके दिवशी विज्ञानाचे शिक्षक रजेवर असल्याने त्यांचा तास मला घ्यावा लागला. फळ्यावर मी छातीच्या पिंजऱ्याची आकृती काढली. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "सर, बरगड्यांची एक जोडी कमी आहे." मी तिला दटावून खाली बसवले. मधल्या सुट्टीत आकृती मोजली. जोड्या अकराच भरल्या. त्या दिवशी मला ज्या थोर पुरुषाची आठवण झाली, त्याचे चरित्र आज तुम्हांला सांगतो.

मुवफ्फकुद्दीन अब्दुल लतीफ यांचा जन्म बगदाद शहरी हिजरी सन 557, म्हणजे इ. स. 1162 मध्ये झाला. लहानपणीच त्यांनी कुराण मुखोद्गत केले. व्याकरण, हदीस, फिकह, तर्कशास्त्र आणि वैद्यक अशा अनेक विद्या त्यांनी आत्मसात केल्या. वयाच्या सत्ताविशीत ते बगदाद सोडून निघाले. मोसूल, दमास्कस, कैरो. जेथे विद्वान तेथे हा प्रवासी. कैरोत त्यांनी प्रसिद्ध यहुदी हकीम मूसा बिन मैमून यांची भेट घेतली. जेरुसलेममध्ये सुलतान सलाहुद्दीन अय्यूबी यांची भेट झाली आणि सुलतानाने त्यांना दरमहा 30 दीनारांची नेमणूक करून दिली. पुढे कैरोत ते सकाळ-संध्याकाळ अल-अझहरमध्ये शिकवीत. दुपारी वैद्यकाचे विद्यार्थी त्यांच्याकडे येत आणि रात्री ते स्वतः अभ्यास करीत.

अशातच इ. स. 1200 साल उजाडले. मिसर देशाचा प्राण म्हणजे नाईल नदी. पिकांसाठी तिचे पाणी सोळा हात चढावे लागे. त्या वर्षी ते तेरा हातही चढले नाही. दोन वर्षे भीषण दुष्काळ पडला आणि त्यापाठोपाठ रोगराई आली. गावेच्या गावे ओस पडली. भुकेने माणसाने काय काय केले याचे जे वर्णन अब्दुल लतीफ यांनी लिहून ठेवले आहे, ते वाचताना अंगावर काटा येतो. मृतांना मूठमाती द्यायलाही माणसे उरली नाहीत.

त्या काळी शरीररचना शिकायची ती ग्रंथांवरून, आणि ग्रंथ म्हटला की जालिनूसचा. युरोपात ज्याला गॅलन म्हणतात तोच हा दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य. आपल्याकडच्या युनानी हकिमांच्या तोंडी आजही त्याचे नाव आदराने येते. परंतु गॅलनच्या काळी माणसाचे प्रेत चिरण्यास मुभा नव्हती. त्याने मुख्यतः माकडे व इतर प्राणी फाडून पाहिले आणि त्यावरून माणसाचे वर्णन केले. पुढे हजार वर्षे त्याचा शब्द प्रमाण मानला गेला.

अब्दुल लतीफ यांच्या विद्यार्थ्यांना हाडांचे प्रकरण काही केल्या उमगेना. कितीही समजावले तरी शब्द अपुरे पडत. तेवढ्यात कळले की अल-मक्स येथे दुष्काळातील मृतांच्या सांगाड्यांची एक टेकडीच झाली आहे. गुरू-शिष्य तेथे गेले. अब्दुल लतीफ यांच्या अंदाजाने तेथे वीस हजारांहून अधिक देह होते.

आणि तेथे त्यांना काय दिसले? गॅलन म्हणे, खालचा जबडा दोन हाडांचा असून ती हनुवटीपाशी सांधलेली असतात. येथे तर जबडा एकसंध! अब्दुल लतीफ यांनी घाई केली नाही. त्यांनी दोन हजारांवर कवट्या तपासल्या, इतरांकडून तपासून घेतल्या. एकाही जबड्यात सांधा सापडला नाही. तेव्हा त्यांनी लिहिले की गॅलन अत्यंत काळजीपूर्वक काम करणारा खरा, तथापि त्याच्या शब्दापेक्षा आपल्या डोळ्यांची साक्ष अधिक विश्वासार्ह आहे.

मग पाठीच्या कण्याची पाळी आली. आपण आपली पाठ चाचपून पाहा. मानेत 7, पाठीत 12 व कमरेत 5 असे 24 सुटे मणके असतात. पाठीच्या 12 मणक्यांना बरगड्यांच्या 12 जोड्या जडलेल्या असतात. त्यांपैकी वरच्या 7 जोड्या कूर्चेच्या साहाय्याने थेट छातीच्या मधल्या हाडाला मिळतात, पुढच्या 3 आपल्या वरच्या कूर्चेला आणि शेवटच्या 2 पुढे मोकळ्याच राहतात. कण्याच्या तळाशी असते त्रिकास्थी व शेवटी माकडहाड. हा तळाचा भाग सहा हाडांचा, असे गॅलनचे मत. अब्दुल लतीफ यांना काही देहांत सहा हाडे आढळली, तर काहींत सर्व मिळून एकच हाड. त्यांनी दोन्ही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदविल्या. आज आपल्याला त्याचे कारण ठाऊक आहे. बालपणी त्रिकास्थीचे पाच मणके सुटे असतात, ते साधारण सोळाव्या वर्षापासून जुळू लागून पंचविशीपर्यंत एकजीव होतात. उतारवयात कित्येकांचे माकडहाडही त्याला जुळते.

हे सारे त्यांनी लिहिले ते वैद्यकाच्या ग्रंथात नव्हे, तर मिसर देशाच्या वर्णनपर ग्रंथात. त्यामुळे ते वैद्यांपर्यंत फारसे पोहोचले नाही. युरोपात वेसेलियसने स्वतंत्रपणे गॅलनच्या चुका दाखविल्या त्या 1543 साली. अब्दुल लतीफ हज यात्रेला निघाले असता वाटेत बगदादला थांबले आणि तेथेच इ. स. 1231 मध्ये अल्लाला प्यारे झाले. त्यांच्या ग्रंथाचे हस्तलिखित सतराव्या शतकात ऑक्सफर्डला पोहोचले आणि 1810 मध्ये त्याचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध झाला.

पालकहो, याच अब्दुल लतीफ यांनी विद्यार्थ्यांना बजावले होते की केवळ पुस्तकावर विसंबू नका, उस्तादाजवळ बसून शिका. उस्तादाची अदब आणि डोळ्यांची साक्ष या दोहोंना त्यांनी आपापली जागा दिली. आपल्या घरी मूल "असे का?" म्हणून विचारते, तेव्हा त्याला उद्धट समजू नका. त्याच्यासोबत बसून मोजून पाहा.

आणि माझे म्हणाल, तर दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो, त्या मुलीला फळ्याजवळ बोलावले आणि खडू तिच्या हाती दिला. बारावी जोडी तिने काढली.