कलामहर्षी बाबूराव पेंटर

विसाव्या शतकाच्या आरंभी मराठी रंगभूमीवर संगीत नाटकांचे मोठे वैभव होते. घंटा वाजे, दर्शनी पडदा वर जाई आणि प्रेक्षकांसमोर कधी राजवाडा, कधी घोर अरण्य, तर कधी नदीकाठचा आश्रम उभा राही. हे सारे कापडावर रंगविलेले असे. एक पडदा गुंडाळला की राजवाडा नाहीसा होई आणि दुसरा सोडला की त्याच जागी अरण्य दिसू लागे. नटांची नावे सर्वांच्या तोंडी असत. पडदे रंगविणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असे. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे भाऊ याला अपवाद ठरले. त्यांची कला लोकांच्या मनात इतकी भरली की, मूळ आडनाव मागे पडून ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कुशल कारागीर होते. लाकूड, लोखंड, माती, रंग यांच्याशी बाबूरावांची ओळख घरातच झाली. चित्रशाळेत जाऊन शिक्षण घेण्याचा योग त्यांना आला नाही. पाहावे, करून पाहावे, चुकले तर मोडून पुन्हा करावे, हीच त्यांची शाळा. आनंदराव हे त्यांचे सख्खे भाऊ नव्हते, नात्यातले होते. पण कलेच्या बाबतीत दोघांचा जीव एक होता. १९१० पासून पुढील पाचसहा वर्षे या जोडीने संगीत नाटक मंडळ्यांसाठी आणि पारशी-गुजराती नाटक कंपन्यांसाठी अनेक सुंदर पडदे रंगविले.

याच सुमारास, १९१३ साली, दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट लोकांपुढे आला. तो पाहून दोघे बंधू भारावून गेले. आपले पडदे कितीही हुबेहूब असले तरी ते निश्चल आहेत आणि येथे तर चित्रच चालते-बोलते आहे, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. आपणही असा चित्रपट काढायचा, या ध्यासाने त्यांना घेरले. परंतु चित्रपट काढावयाचा तर कॅमेरा हवा. तो परदेशातून मागवावा इतका पैसा त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक यंत्र विकत घेतले. त्यावर ते लोकांना खेळ दाखवीत आणि यंत्राच्या अंतरंगाचा अभ्यासही करीत.

कॅमेरा घरी बनविणे ही काही सोपी गोष्ट नव्हे. चलच्चित्र म्हणजे एकामागून एक झरझर दाखविलेली स्थिर चित्रे. त्या काळी एका सेकंदात सुमारे सोळा चित्रे घेत. प्रत्येक चित्रासाठी फीत क्षणभर थांबली पाहिजे. तेवढ्यात भिंगामागील झडप उघडून मिटली पाहिजे. ती मिटलेली असतानाच फीत एक घर पुढे सरकली पाहिजे. हे सारे हाताने फिरविलेल्या एका दांड्याच्या बळावर घडावयाचे. चाकाचा एखादा दाता केसभर चुकला, तरी पडद्यावरचे चित्र थरथरू लागे.

काम अर्ध्यावर असतानाच १९१६ साली आनंदरावांचा अकाली मृत्यू झाला. बाबूरावांचा उजवा हात गेला. दुसरा एखादा असता, तर पुन्हा पडद्यांकडे वळला असता; पडद्यांना मागणी होतीच. बाबूरावांनी मात्र आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना बरोबर घेऊन तेच काम पुढे चालविले आणि १९१८ साली त्यांचा स्वदेशी कॅमेरा चालू झाला. कोल्हापुरात ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली. तिला भांडवल दिले तानीबाई कागलकर या गायिकेने. एका कलावंताची कदर दुसऱ्या कलावंताने केली.

१९२० साली ‘सैरंध्री’ हा कंपनीचा पहिला चित्रपट पुण्यात झळकला. भीमाने केलेला कीचकाचा वध त्यात इतका खरा वाटे की, प्रेक्षागृहातील स्त्रिया भयाने किंचाळल्या असे सांगतात. अखेर सरकारने तो भाग कापून टाकावयास लावला! याच कथेवरील खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने दहा वर्षांपूर्वी बंदी घातली होती; तिचे कारण मात्र राजकीय होते. येथे केवळ देखाव्याच्या खरेपणाने अधिकाऱ्यांना कात्री हाती धरावयास लावली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहून बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. स्त्रियांनी चित्रपटात काम करणे त्या काळी समाजाला रुचत नसे. तरीही गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोन स्त्रियांनी या चित्रपटात भूमिका केल्या.

ज्या हातांनी पडदे रंगवून कीर्ती मिळविली, त्याच हातांनी बाबूरावांनी चित्रपटातून रंगीत पडद्याला रजा दिली, ही मोठी गमतीची गोष्ट आहे. रंगभूमीवर दुरून पाहणाऱ्याला रंगविलेला खांब खरा वाटतो. कॅमेऱ्याची दृष्टी तशी भोळी नसते. वाऱ्याची झुळूक आली की पडद्यावरचा राजवाडा हलतो. सूर्य पुढे सरकतो, पण चित्रातील खांबाची सावली जागची हलत नाही. म्हणून बाबूरावांनी मागेपुढे खोली असलेले, भरीव देखावे उभारले. चित्रण सुरू होण्यापूर्वी ते पात्रांची, त्यांच्या पोशाखांची आणि हालचालींची रेखाटने स्वतः काढीत. १९२३ च्या ‘सिंहगड’ चित्रपटात त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. तोवर आपल्याकडील चित्रण बहुतांशी सूर्याच्या उजेडावर अवलंबून असे. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

१९२५ साली त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला. कथा नारायण हरी आपटे यांची होती. यात मुकुट नव्हते, सिंहासने नव्हती. सावकाराच्या कर्जात जमीन गमावून शहरातील गिरणीत मजुरी करावयास जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कहाणी होती. तरुण शेतकऱ्याचे काम व्ही. शांताराम यांनी केले होते. अंधूक उजेडातील उदास झोपडी आणि तिच्यापुढे विव्हळणारे कुत्रे हे दृश्य जाणकारांच्या स्मरणात पुढे कित्येक वर्षे राहिले. मूकपटात आवाज नसतो; पण ते विव्हळणे ऐकू आल्यासारखे वाटे. पौराणिक चमत्कारांना सरावलेल्या प्रेक्षकांना मात्र एवढे वास्तव मानवले नाही. चित्रपटाला पैसा मिळाला नाही. बाबूरावांच्या कामात हेच काम सर्वांत श्रेष्ठ गणले जाते.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांचे सहकारी बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी ‘प्रभात’ ही नवी कंपनी स्थापन केली. दोन वर्षांनी बोलपट आले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. बाबूरावांनी पुढे ‘उषा’सारखे काही बोलपट केले, ‘सावकारी पाश’ही १९३६ साली बोलका करून पुन्हा काढला. त्याच वर्षी दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ आला आणि तो व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. १९४७ साली शांताराम यांच्या संस्थेसाठी ‘लोकशाहीर रामजोशी’ या चित्रपटाचे दिग्दर्शन गुरुशिष्यांनी मिळून केले.

चित्रपट दूर झाले तरी कुंचला आणि माती यांची सोबत सुटली नाही. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात बाबूरावांचे निधन झाले. त्यांच्या मूकपटांच्या बहुतेक फिती काळाच्या ओघात नष्ट झाल्या. १९२५ चा ‘सावकारी पाश’ आज कोणालाही पाहता येत नाही. १९२४ च्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटासाठी त्यांनी रंगविलेले भित्तिपत्रक मात्र टिकून राहिले. आपल्या देशातील अतिशय जुन्या चित्रपट-भित्तिपत्रकांत त्याची गणना होते.